काकांचा ओके

शारजातल्या रोल्ला भागातल्या ज्या घरात मी चार वर्षं राहिले, तिथले काका चहा ओतायच्या आधी रिकामा कप तळहातावर घेऊन थोडा वेळ उभे राहायचे. रिकामा कप, लक्षात घ्या. मग तो काकूंपुढे धरून म्हणायचे, "हं, आता ओत." पहिल्या दिवशी मला वाटलं, कपाला तडा गेलाय का ते बघतायत. दुसऱ्या दिवशी वाटलं, काही देवाधर्माचं असेल. आठवड्याने धीर करून विचारलं, तर म्हणाले, "आधी शून्य. रिकामा केवढा आहे हे ठाऊक नसेल, तर भरलेला केवढा ते कसं कळायचं?" मी समजल्यासारखी मान हलवली. त्या घरात मी चार वर्षं बहुतेक हेच केलं.

काका तिथले घरमालक म्हणजे तसे भाडेकरूच. तीन खोल्यांतली एक त्यांनी मला दिली होती, कारण मी मराठी, एकटी, आणि दुबईत देरातल्या एका कार्गो ऑफिसात नोकरीला. ते स्वतः शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात वजनकाटे दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये होते. ट्रक तोलायच्या काट्यापासून सोन्याच्या बाजारातल्या इवल्याशा काट्यापर्यंत सगळे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. बावीस वर्षं माणूस एकच गोष्ट करत होता: काटा शून्यावर आणायचा, मग त्यावर वजन ठेवायचं. त्यामुळे त्यांच्या डोक्यात जगाचीही तीच रीत बसली होती. लिफ्टमध्ये शिरल्यावर आधी मजल्याचा आकडा बघणार, मग बटण दाबणार. काकूंशी भांडण झालं तरी मध्येच हात वर करून म्हणणार, "थांब. मागचं काढू नकोस. शून्यापासून बोल." आता मागचं न काढता भांडायचं कसं, हे काकूंना कळायचं नाही आणि मलाही. भांडण तिथेच विझायचं. कदाचित हेतू तोच असेल, मला माहीत नाही.

दुसरी त्यांची खोड म्हणजे अंगठा. वर्कशॉपमध्ये काटा तपासून झाला की त्यावर हिरवा गोल स्टिकर लावायचा, तो अंगठ्याने दाबायचा आणि "ओके" म्हणायचं. तो अंगठा त्यांनी घरीही आणला होता. आमटी चाखली की पातेल्याच्या कडेवर अंगठा, ओके. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर अंगठा, ओके. मला नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते त्यांना वाचायला दिलं, तर चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं, सहीच्या बाजूला अंगठा दाबला आणि परत दिलं. त्यांची मुलगी तेव्हा अकरावीत होती, जन्मापासून इथलीच. ती म्हणायची, "बाबा, स्टॉप अप्रूव्हिंग एव्हरीथिंग." पण परीक्षेला जाताना स्वतःच पॅड पुढे धरायची, दाबा म्हणून.

या अंगठ्यानेच घात केला.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात अजमानच्या बाजूच्या किनाऱ्यावर मराठी मंडळींची सहल होती. सकाळी निघताना काकू मंगळसूत्राची कडी बोटात धरून म्हणाल्या, "अहो, ही तार झिजलीय वाटतं. सोनाराकडे टाकायला हवी." काकांनी भिंग आणलं. डोळ्याला लावून तार बघितली, दोनदा ओढली, कडीवर अंगठा दाबला. "ओके. वर्षभर बघायला नको."

दुपारी बायकांची रस्सीखेच झाली आणि तार तुटली. काळे मणी वाळूत सांडले. आम्ही दहा-बारा जणी गुडघ्यांवर बसून वाळू चिवडत होतो. मणी मिळाले, एक वाटी मिळाली. दुसरी मिळाली नाही. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची, एक माहेरची. मिळाली ती सासरची. गेली ती काकूंच्या वडिलांनी मालवणच्या सोनारासमोर बसून घडवून घेतलेली. काकूंच्या माहेरी आता कुणी नाही. आईवडील गेले, पाठोपाठ भाऊ गेला, घराला कुलूप आहे.

दुसऱ्याच दिवशी काका म्हणाले, "देरातला कुठलाही सोनार उभ्या उभ्या वाटी करून देईल. मी शब्द टाकायचा अवकाश."

काकू भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देरात माझं माहेर आहे का?"

याहून जास्त त्या कधीच बोलल्या नाहीत. तुमच्यामुळे गेली असं तर चुकूनही नाही. त्या चार शिव्या घालत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी मणी नव्याने ओवून घेतले आणि एकाच वाटीचं मंगळसूत्र घालू लागल्या. एक वाटी सरळ राहत नाही, एका अंगाला कलते. काका जेवताना त्या कललेल्या वाटीकडे बघायचे आणि घास तसाच हातात राहायचा. जन्मभर काटे सरळ केलेला माणूस तो, त्याच्या डोळ्यांसमोर दिवसातून तीनदा हे.

त्या दिवसापासून त्यांचा ओके बंद झाला. अंगठा कशावरच उमटेना. आमटी कशी झालीय विचारलं तर "तूच बघ." मुलीने कॉलेजचे फॉर्म आणले तर "तुला पटतंय ना? मग मला नको विचारू." वर्कशॉपमध्येही म्हणे स्टिकर लावायला शेजारच्या माणसाला बोलवायचे. माणसाला साधं हो म्हणता येईना.

आणि अशा माणसाने नेमकी कोणती गोष्ट हाती घ्यावी? तर प्रोब निवडण्याची.

झालं असं की एक साहेब कायमचा मायदेशी निघाला होता, त्याच्याकडून काकांनी जुनं मेटल डिटेक्टर घेतलं. काठीला तबकडी असते ते. किनाऱ्यावर चालवलं तर चालतं का, हे दोनदा जाऊन विचारून आले. तिथला माणूस म्हणाला, खड्डे बुजवत जा, खलास. तेव्हापासून दर रविवारी पहाटे काका त्या रस्सीखेचीच्या जागी हजर. पण त्या यंत्राचं असं, की ते ताटाएवढ्या जागेत कुठेतरी काहीतरी आहे एवढंच सांगतं. नेमकं कुठे, ते सांगत नाही. काकांनी आधी काकूंची गव्हाची चाळणी नेली. तिच्यात शिंपल्यांचा इतका चुरा जमायचा की ते निवडणं म्हणजे तांदूळ निवडत बसणं. दोन तासांत दोन हात जागा व्हायची नाही, आणि वर चाळणीत वाळू राहिली म्हणून पोळीत कचकच. त्यावर उपाय म्हणजे हातात धरायचा छोटा प्रोब. लाटण्याच्या निम्म्या लांबीचा असतो, खड्ड्यात खुपसायचा, धातूपाशी आला की वाजतो.

एवढी साधी वस्तू. दुकानात जायचं, घ्यायची, यायचं. पण काकांनी त्याचं जे गुऱ्हाळ लावलं, त्याने माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. फक्त टोकाला वाजणारा घ्यावा की बाजूनेही वाजणारा? आवाज करणारा की हातात थरथरणारा? पाण्यात बुडवला तर चालणारा घ्यावा, पण वाटी तर कोरड्या वाळूत पडली होती. मग जास्तीचे पैसे कशाला? पण वर्षभरात पाणी तिथपर्यंत आलंच नसेल कशावरून? मी ऑफिसात कंटेनरच्या कागदांत मान घालून बसलेली, आणि फोनवर निरोप: "रेंज वाढवली तर नको तेही वाजतं. कमी केली तर हवं तेही वाजत नाही. तुझं मत?" माझं मत! मला तर तो निरोप प्रोबबद्दल आहे का माणसांबद्दल, हेच तीन वेळा वाचून कळेना.

त्यांनी सगळ्यांना विचारलं. खालच्या किराणावाल्याला विचारलं. मुलीला विचारलं, ती म्हणाली, "जस्ट पिक वन, बाबा." ज्याला त्याला विचारायचं, तो एक सांगायचा, की काका लगेच दुसऱ्या बाजूने बोलायचे. शेवटी काकूंनी हात टेकले आणि मला म्हणाल्या, "तू जा गो त्यांच्याबरोबर. नाहीतर हे दुकानातच म्हातारे होतील."

देरातलं ते दुकान म्हणजे एक बोळकांडी. केरळचा विक्रेता होता, शांत माणूस. त्याने प्रोब चालू केला, काउंटरवर एक नाणं ठेवून त्यावर धरला, वाजला. काकांनी तो प्रयोग करवून घेतला चाळीस वेळा. नाणं कागदाखाली, नाणं पुठ्ठ्याखाली, नाणं माझ्या पर्सखाली. विक्रेता म्हणाला, "काका, चीज अच्छा है. लेना है तो लो, यल्ला, मेरे को नमाज को जाना है." शेवटी नारिंगी रंगाचा घेतला. काकांनी नाही, मी म्हटलं घ्या म्हणून.

घरी काकू म्हणाल्या, "केवढ्याला?"

"चारशे दिरहम."

"म्हणजे आपले नऊ हजार. एवढ्यात वाटी झाली असती," असं म्हणून त्या घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या.

आता खरी गंमत ऐका, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. काकांनी परातीत तांदूळ पसरले, मुलीचं सोन्याचं कानातलं त्यात लपवलं. प्रोब कमरेच्या म्यानातून काढला, तांदळात खुपसला. आवाज नाही. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. आवाज नाही. कानातल्याला टोक लागलं तेव्हा कुठे किंचित कुरकुरला. विक्रेत्याच्या हातात वाजत होता तो हाच! काकांनी तो परत नेला. सात दिवसांत बदलून मिळत होता. काळा आणला. तोही घरी मुका. हिरवा आणला, जास्त महागाचा. तोही मुका.

आणि डोकं चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, मी तोच प्रोब टेबलावरून उचलला, बटण दाबलं, तांदळावर धरला, तर लगेच टीं टीं. मुलीच्या हातात टीं टीं. काकूंच्या पिठाच्या हातातसुद्धा टीं टीं. काकांनी घेतला की मुका. चौघंही परातीभोवती उभे. काकांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, किल्ल्या काढल्या. पट्ट्यात धातू आहे म्हणून पट्टा काढून पायजमा घातला, म्यान नाडीला बांधलं. डाव्या हाताने करून बघितलं. अनवाणी करून बघितलं. उत्तरेकडे तोंड करून बघितलं, हे कशासाठी ते मी विचारलं नाही.

काकू वैतागून सहज बोलून गेल्या, "माझ्या माहेरची वस्तू आहे. रुसलीय तुमच्यावर."

काका हसतील असं वाटलं होतं. ते बाल्कनीत जाऊन बसले. खाली रोल्लाची रहदारी, हॉर्न, दुकानांचे भोंगे, आणि हे तो हिरवा प्रोब मांडीवर घेऊन. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "पोरी, काटा खोटा असला तर दुरुस्त करता येतो. हात खोटा असला तर काय करायचं?" मी पेला ठेवून आत आले आणि मला उगाचच रडू आलं.

तरी रविवार चुकला नाही. तो मुका प्रोब घेऊन जायचे, खड्डे खणायचे, बुजवायचे, यायचे.

मग ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमचा एसी बंद पडला. शारजाच्या ऑगस्टमध्ये एसी बंद पडणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. काका एरवी माझ्यासमोर कधी बनियनवर आले नाहीत, पण त्या दिवशी बिचारे उघडेच बसले होते, लुंगी नेसून, आणि काहीतरी करायचं म्हणून पुन्हा परात मांडलेली. मी समोर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. तेव्हा मला पहिल्यांदा दिसला त्यांचा करदोडा. चांगला जाड, चांदीचा, लुंगीच्या काठावर रुतलेला. आणि त्याला अगदी चिकटून प्रोबचं म्यान.

त्यांनी म्यानातच प्रोबचं बटण दाबलं. बारीकसा आवाज झाला, चालू झाल्याचा. मग उपसून तांदळात.

"काका, बटण म्यानात का दाबता?"

"म्हणजे काय? काटा त्याच्या जागेवर असताना चालू करायचा. जागेवर शून्य होतो, मग कामाला न्यायचा. आधी शून्य."

मी उठले. त्यांच्या हातातून प्रोब घेतला, हात लांब करून हवेत चालू केला आणि त्यांच्या कमरेजवळ नेला. तो असा किंचाळला की आतून मुलगी धावत आली.

खरंच एवढंच होतं. ते यंत्र चालू होताना जे जवळ असेल त्याला शून्य धरतं. काका दर वेळी ते करदोड्याला टेकवून चालू करत होते. एवढी चांदी शून्य मानल्यावर इवलंसं कानातलं त्याच्या खिजगणतीत कुठून येणार? घड्याळ काढलं, अंगठी काढली, पट्टा काढला, पण बावीस वर्षं अंगावर असलेली चांदी त्यांच्या लक्षातच आली नव्हती. मी विजयी मुद्रेने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता काका उडी मारतील.

काकांनी परात बाजूला सारली. मग म्हणाले, "मी शून्यच चुकीचं घेत होतो." आणि उठून खोलीत गेले.

दोन दिवस त्यांनी चहाचा कप तळहातावर घेतला नाही. काकू ओततील तो चहा मुकाट पीत होते. माणसाचा अख्खा जन्म ज्या एका गोष्टीवर उभा, तीच मी पुठ्ठ्याने वारा घेता घेता खोटी ठरवली होती. तोंड बंद ठेवलं असतं तर, असं दहादा वाटलं. पण मग वाटी?

तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंकडे खोबरेल तेल आणि मुलीकडे तिच्या हस्तकलेच्या किटमधली बारीक पक्कड मागितली. करदोडा काढायचा म्हणाले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. तो करदोडा काकांच्या आईने घातलेला. काका दुबईला निघाले त्या दिवशी तिने आपल्या पायातले वाळे मोडून तो करवून आणला होता आणि स्वतः कमरेला अडकवून म्हणाली होती, परत आलास की मीच काढीन आणि मापाचा करून देईन. काका कामाच्या ठिकाणी अडकले आणि ती गेली तेव्हा पोचू शकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोचले. तेव्हापासून तो तसाच. अंग वाढलं, करदोडा रुतला, कडी घट्ट झाली, पण काढला नाही.

"वाटी नको मला," काकू म्हणाल्या. "ऐकलंत? नको. त्यांच्या हातचं काढायचं नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "तूच शोध लावलास ना? आता तूच निस्तर."

मी म्हटलं, काढायची गरजच काय? हात लांब करून चालू करा, झालं. तिथल्या तिथे करून दाखवलं. करदोडा अंगावर, हात लांब, बटण, मग तांदूळ. काकांच्या हातात पहिल्यांदा प्रोब वाजला. टीं टीं टीं. मी काकूंकडे बघून हसले, सुटलो एकदाचे.

काकांनी कानातलं तांदळातून काढून मुलीच्या हातात दिलं. "चालतंय," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तारेबद्दलही मी हेच म्हटलं होतं. चालतंय म्हणून. या वेळी मला शंका नको. थोडीसुद्धा नको."

आता याला काय म्हणायचं? डोळ्यांनी दिसतंय, कानांनी ऐकू येतंय, चाललंय, आणि हा माणूस म्हणतो शंका नको. माझ्या डोक्यावरून गेलं. पण काकूंना ते कळलं असावं. त्या दारातून बाजूला झाल्या.

"काढायचाच असेल तर मी काढीन," त्या म्हणाल्या. "इथे नाही, तिथेच किनाऱ्यावर. आणि तुमच्या अंगावर नसेल तेवढा वेळ माझ्या अंगावर असेल."

तर त्या रविवारी पहाटे आम्ही तिघं गाडीतून निघालो. मुलगी म्हणाली, "यू गाइज आर क्रेझी," आणि झोपली. किनाऱ्यावर एक झाडूवाला भय्या आणि दोन पळणारे गोरे सोडले तर कुणी नव्हतं. काकूंनी गाडीच्या आडोशाला काकांना उभं केलं, तेल लावलं आणि पक्कडीने कडी उघडायला लागल्या. कडी उघडेना. काका श्वास रोखून आकाशाकडे बघत होते. शेवटी कडी तुटली. काकूंच्या तोंडून हलकेच "आई गं" निघालं. करदोड्याच्या जागी काकांच्या कमरेला पांढरा वळ उठला होता, तिथे ऊन कधी लागलंच नव्हतं. काकूंनी करदोडा स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला.

पुढचा अर्धा तास नुसता गोंधळ. काकांना काकू लांब हव्या होत्या, चांदी जवळ नको म्हणून. "अजून मागे." काकू दहा पावलं मागे. "अजून." आणखी वीस. एवढ्या लांबून त्या प्रोबला काय कळणार होतं? पण सांगणार कोण? काकू पार पार्किंगला पोचल्या आणि मी मध्ये, दोघांचे निरोप पोचवत. त्या विचारायच्या, "काय सापडलं?" मी विचारून यायची आणि ओरडायची, "झाकण." दहा मिनिटांनी, "पन्नास फिल्सचं नाणं." मग केसाची पिन, कोल्ड्रिंकच्या डब्याची रिंग, खेळण्यातली चेपलेली मोटार. प्रोब आता प्रत्येक खड्ड्यात नेमकं बोट दाखवत होता. काका प्रत्येक वेळी हात समुद्राकडे लांब करून बटण दाबायचे, थांबायचे आणि मग खड्ड्यात.

ऊन चढलं. माझे तळपाय भाजायला लागले. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की काही सापडायचं नाही, आणि परतताना गाडीत काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते.

तेव्हा एका खड्ड्यात प्रोब बारीक वाजला. काकांनी दोन बोटांनी वाळू बाजूला केली आणि काहीतरी उचललं. मला ते चॉकलेटचा चुरगळलेला कागद वाटलं. सपाट, पिवळं, नखाएवढं. किनारा साफ करायला ट्रॅक्टर फिरतो, त्याच्या चाकाखाली केव्हातरी वाटीची पार पोळी झाली होती. काका ते तळहातावर घेऊन उभे राहिले, चहाच्या कपासारखे. मी काही ओरडले नाही. पण काकूंना लांबूनच काय कळलं कोण जाणे, त्या वाळूतून, चपला हातात घेऊन, धावत आल्या.

त्यांनी ते उन्हाकडे धरून उलटसुलट केलं. एका कडेला सोनाराने उठवलेलं तिळाएवढं फूल होतं.

"हीच," त्या म्हणाल्या. "बाबांचीच."

काकांनी करदोड्यासाठी हात पुढे केला. काकूंनी मनगट मागे घेतलं.

"आधी ओके म्हणा."

"अगं, चेपलीय ती. तिची वाटी राहिली नाही."

"कशी आहे ते मी विचारलंय का तुम्हाला? ओके म्हणा."

काकांनी अंगठा शर्टाला पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. मग काकूंच्या तळहातावरच्या त्या पत्र्यावर ठेवला आणि दाबला. मी समुद्राकडे बघत उभी राहिले, कारण तिथे दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

"ओके," काका म्हणाले.

काकूंनी वाटी कनवटीला खोचली, मनगटावरचे वेढे सोडले आणि भर किनाऱ्यावर गुडघ्यांवर बसून करदोडा त्यांच्या कमरेला घातला, शर्टावरूनच. कडी तुटलेली. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, दोन्ही टोकं एकत्र धरली आणि टोचून बंद केली. काकांचा हात सवयीने खाली गेला, पिन पकडून दोनदा ओढून बघायला.

काकूंनी त्या हातावर चापट मारली. "तपासू नका," त्या म्हणाल्या. "मी लावलीय."

काकांनी हात मागे घेतला.